पूर ओसरल्यावर : भिजलेला फोन आणि दुरुस्तीचा हक्क

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, ऐन गणेशोत्सवात, नागपूर शहर निर्धास्त झोपले आणि २३ च्या पहाटे पाण्यात जागे झाले. अवघ्या चार तासांत १०६ मिलिमीटर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि एरवी सांडपाण्याचा नाला म्हणूनच शहराला ठाऊक असलेली नाग नदी रस्त्यांवर आली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी, पंचशील चौक, मोरभवन बसस्थानक असा तिचा त्या रात्रीचा मार्ग होता. लोकांना नावांतून बाहेर काढावे लागले, लष्कराला पाचारण करावे लागले. किमान चार माणसे दगावली. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरल्याचा सरकारी अंदाज होता.

नदीच्या पात्रातील अतिक्रमणे, सांडव्यासमोरील बांधकामे आणि महापालिकेची बेफिकिरी यांवर त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. ती चर्चा आवश्यकच होती व आहे. परंतु पूर ओसरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरांतून जो एक लहानसा प्रश्न उभा राहिला, त्याची चर्चा मात्र कोठेच झाली नाही. तो प्रश्न म्हणजे हातात मावणाऱ्या भिजलेल्या यंत्रांचा. उशाशी ठेवलेला फोन, मुलीचा लॅपटॉप, आजोबांचे श्रवणयंत्र, साखर मोजण्याचे यंत्र ही सारी गढूळ पाण्यातून बाहेर काढून लोक ओट्यावर मांडून बसले होते. त्यांचे पुढे काय करावे, हे सांगणारे कोणी नव्हते.

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे चळवळीतील अनेकांना वाटेल. माणसे मेली, घरे खचली, धान्य कुजले, तेथे फोनची काय कथा, असा त्यांचा सवाल असेल. या सवालाच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. फोन ही चैनीची वस्तू आहे, आणि गरिबाच्या हातात ती दिसली की तो तितकासा गरीब नसावा, ही ती समजूत होय. ज्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून ठेवावे लागे, त्या काळातील ही समजूत आज निव्वळ चुकीचीच नव्हे, तर अन्यायकारक झाली आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की, गेल्या दहा-बारा वर्षांत शासनानेच फोनला शिधापत्रिकेइतके अनिवार्य करून सोडले आहे. आधारच्या पडताळणीसाठी येणारा संकेतांक फोनवर येतो. बँकेचा व्यवहार, गॅसची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, पिकाची पाहणी, दवाखान्याची वेळ या सर्वांचा दरवाजा त्या एका लहानशा यंत्रातून उघडतो. रोजगार हमीच्या सामूहिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवरून घेणे १ जानेवारी २०२३ पासून देशभर सक्तीचे झाले, आणि यंत्रात नोंद झाली नाही तर दिवसभराची मजुरी बुडण्याची धास्ती मजुरांच्या मागे लागली. शहरात घरपोच माल पोचवणारा मुलगा, ओला-उबरचा चालक, घरकामाला जाणारी बाई, भाजीच्या ठेल्यावर पैसे घेणारा विक्रेता यांच्यासाठी फोन हे आज हत्यार आहे. सुताराचा रंधा पुरात वाहून गेला, तर त्याला साधन गमावलेला कारागीर म्हणून नुकसानभरपाई मिळावी, याबद्दल कोणाचे दुमत नसते. मग ज्याचा फोन भिजून बंद पडला, तो कोण?

शासनाची मदत जाहीर झाली ती अशी : बाधित कुटुंबाला दहा हजार रुपये, दुकानदाराला पन्नास हजारांपर्यंत, टपरीधारकाला दहा हजारांपर्यंत. आपत्तीच्या मदतीचे जे ठरीव निकष आहेत, त्यांत घरगुती हानीची शीर्षके दोनच आहेत : कपडे आणि भांडीकुंडी. हे निकष ज्यांनी प्रथम आखले, त्यांच्या मनात चूल आणि वस्त्र एवढेच गरिबाचे जग होते. जग बदलले, पंचनाम्याचा नमुना बदलला नाही. घर पाण्यात गेलेल्या कुटुंबात बहुधा दोन-तीन फोन असतात आणि त्यांतला एखादा हप्त्यावर घेतलेला असतो. फोन मेला तरी हप्ता जिवंत राहतो. दहा हजारांच्या मदतीतून आधी धान्य, गादी, औषधे येतात, आणि नव्या फोनसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. म्हणजे पुराचा तोटा माणसाने भरायचा, आणि त्या तोट्यावर नफा मात्र फोन विकणाऱ्याने व कर्ज देणाऱ्याने मिळवायचा, असा हा व्यवहार आहे.

आता प्रश्नाच्या तांत्रिक बाजूकडे वळले पाहिजे, कारण राजकीय बाजू तिच्यातूनच उलगडते. भिजलेले यंत्र मेलेच, असे लोक धरून चालतात. ते खरे नाही. शुद्ध पाणी विजेचे फार दुबळे वाहक असते. यंत्राचा घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार आणि त्या वेळी आत खेळत असलेली वीज. नाग नदीच्या पुरात सांडपाणी, साबण, माती आणि रस्त्यावरचे तेल एकत्र मिसळलेले होते. असे पाणी विजेला सहज वाट करून देते. बॅटरी जोडलेली असली की बोर्डवरील तांब्याच्या बारीक वाटांमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते. धन बाजूचे तांबे झिजते, विरघळते आणि ऋण बाजूला जाऊन साचते. ज्या दोन वाटांनी एकमेकींना कधी स्पर्श करू नये, त्यांच्यामध्ये अशा रीतीने धातूचा पूल तयार होतो. हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखे बोर्ड दिसतात, ते या गंजामुळे. म्हणजे पाणी आत गेल्याच्या क्षणी यंत्र मरतेच असे नाही. वीज आणि क्षार यांना जितका वेळ मिळेल, तितके ते मरत जाते.

यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. यंत्र चालू असेल तर तत्काळ बंद करावे. बंद असेल तर ‘चालते का पाहू’ म्हणून ते सुरू करू नये, आणि चार्जरला तर मुळीच लावू नये. पुरानंतर फोन कायमचे निकामी होण्याचे मोठे कारण पुराइतकेच ही घाईही असते. बॅटरी निघत असेल तर ती प्रथम काढावी. सिमकार्ड व मेमरीकार्ड काढून पुसून ठेवावे. साध्या बटणांच्या फोनची पाठ नखानेही उघडते, म्हणून गरिबाचा स्वस्त फोन पुष्कळदा महागड्या फोनपेक्षा लवकर वाचतो. पाणी गटाराचे वा खारे असेल, तर बॅटरी काढल्यानंतर बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा लागतो. बॅटरीत घालायचे पाणी म्हणून ते पेट्रोलपंपावर वा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. धुतलेला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशाने साफ करावा. ते पाण्याला आपल्याबरोबर घेऊन उडून जाते. ते ज्वालाग्राही असल्याने विस्तव, बिडी, चूल जवळ नसावी. त्यानंतर यंत्र सावलीत, पंख्याखाली, एक-दोन दिवस वाळू द्यावे. केस वाळवण्याच्या यंत्राचा कडक वारा किंवा कडक ऊन यांनी पडदा व डिंक बिघडतात आणि पाणी अधिक आत ढकलले जाते. श्रवणयंत्राची बॅटरी काढून तिचे झाकण उघडे ठेवावे, आणि औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ते बंद डबीत ठेवावे.

तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. तो निरुपयोगी आहे. तांदूळ हवेतली ओल थोडीफार शोषतो, परंतु बोर्डच्या चकत्यांखाली अडकलेले पाणी व क्षार तो खेचून घेऊ शकत नाही. उलट त्याची पूड जॅकमध्ये जाऊन बसते. ॲपल कंपनीनेही जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका, असे लेखी सांगितले. खरा तोटा मात्र वेळेचा आहे. दोन दिवस तांदळात पडलेल्या फोनमध्ये गंज दोन दिवस आपले काम बिनबोभाट करीत असतो.

एक सावधगिरी मात्र कधीही सोडता कामा नये. लिथियमची बॅटरी फुगली असेल, तिला वास येत असेल किंवा ती गरम होत असेल, तर ती वाचवण्याच्या फंदात पडू नये. तिला टोचू नये, दाबू नये, घरातल्या कचऱ्यात टाकू नये. ती पेट घेते. पाण्यात बुडालेली पॉवर बँक तर सरळ बाद समजावी. यंत्र वाचवण्यापेक्षा माणूस वाचवणे महत्त्वाचे, एवढे तारतम्य हवेच.

याच्या पुढचे काम घरात होत नाही. ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे असते. सीताबर्डीच्या गल्ल्यांत, इतवारीत, वस्त्यांच्या नाक्यांवर चार फूट रुंदीच्या टपरीत भिंगाखाली बसलेला हा माणूस कोणी पाहिलेला नाही? बोर्ड उघडणे, अल्ट्रासॉनिक क्लीनरच्या भांड्यात धुणे, कुजलेला चार्जिंग जॅक बदलणे, जळालेली आयसी गरम हवेने उचलून दुसरी बसवणे, तुटलेल्या वाटेला केसाएवढ्या तारेने डाग देणे, ही कामे तो करतो. पैकी पुष्कळांना ही विद्या कोणत्याही विद्यालयाने दिलेली नाही. उस्तादाच्या शेजारी बसून, चुका करून, स्वतःच्या खिशातून तोटा भरून त्यांनी ती मिळवली आहे. ज्यांची मुळे शोधत गेले तर रेडिओ व ट्रान्झिस्टर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांपर्यंत पोचावे, अशी ही परंपरा आहे. त्या जुन्या रेडिओंपैकी अनेकांच्या पाठीमागच्या झाकणाच्या आत जोडणीचा आराखडाच चिकटवलेला असे. यंत्र बनवणारा जणू मेकॅनिकशी बोलत असे : बिघडले तर येथे पाहा. आजच्या फोनमध्ये तो आराखडा नाही. आहे ते डिंकाने घट्ट बंद केलेले झाकण.

हा फरक निव्वळ तंत्रज्ञानाचा नाही. येथेच खरी मेख आहे. फोनच्या आत एक लहानशी पांढरी टिकली असते. पाणी लागले की ती लाल होते. ती टिकली यंत्राला वाचवण्यासाठी नसून कंपनीला वाचवण्यासाठी आहे. ती लाल दिसली की हमी रद्द. जाहिरातीत फोन पाण्याच्या पेल्यात बुडवून दाखवतात; आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांत पाण्याने झालेली हानी वगळतात. ‘आयपी ६८’ यासारखे शब्द छातीठोकपणे छापले जातात. ही प्रमाणके प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, संथ पाण्यासाठी ठरवलेली असतात. ‘आयपी ६७’ याचा अर्थ एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास एवढाच. वाहत्या, गाळाने भरलेल्या पुराशी त्यांचा संबंध नाही, आणि वापराने डिंक व रबर सैल झाल्यावर तर ती पूर्वीसारखी लागूही पडत नाहीत. हे ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही.

अधिकृत सेवाकेंद्रात भिजलेला फोन नेला की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : बोर्ड बदलावा लागेल. एक रुपयाच्या भागासाठी हजारो रुपयांचा बोर्ड बदलण्याची किंमत नव्या फोनच्या इतकी जवळ जाते, की माणूस नवाच घेतो. याउलट टपरीतला कारागीर तोच भाग शोधून बदलू पाहतो, तेव्हा त्याला आराखडा मिळत नाही, मूळ सुटा भाग मिळत नाही, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर मूळ भाग बसवला तरी यंत्र त्याला ओळखण्याचे नाकारते, कारण प्रत्येक भागाची जोडी कंपनीच्या संगणकाने बांधून ठेवलेली असते. वस्तू विकत घेतली, पैसे मोजले, तरी तिच्यावरची मालकी अपुरीच राहिली. जमीनदार कुळाला जमीन कसू देई, पण विहिरीची किल्ली आपल्या कमरेला ठेवी. त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे या मक्तेदारीवर पहिला मोठा आघात मोटारींच्या क्षेत्रात झाला. २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणे, हा त्यांचा दोष होता. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने मोबाइल व तत्सम वस्तूंना दुरुस्तीसुलभतेचे गुण देण्याविषयीचा अहवाल सादर केला. पावले योग्य दिशेची आहेत. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. त्यावर कंपन्यांनी स्वखुशीने माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे, आणि भांडवल स्वखुशीने मक्तेदारी सोडते असा इतिहासाचा दाखला नाही.

इतरत्र काय चालले आहे, तेही पाहावे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोन व लॅपटॉप यांच्यावर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनचे ठरावीक सुटे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे, उपलब्ध ठेवणे कंपन्यांना भाग आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातात बाळगण्याच्या उपकरणांतील बॅटऱ्या वापरणाऱ्यालाच काढता-बसवता आल्या पाहिजेत, असा तेथील नियम आहे. काही ठरावीक अपवाद सोडून. ज्या कंपन्या तेथे हे मान्य करतात, त्याच कंपन्या येथेही माल विकतात. मग युरोपातल्या ग्राहकाला जो हक्क, तो नागपूरच्या ग्राहकाला का नाही? जेथे दर पावसाळ्यात पूर येतात, तेथे तर तो हक्क अधिक निकडीचा आहे.

कंपन्यांचे दोन आक्षेप नेहमी पुढे केले जातात, आणि त्यांची दखल घेणे न्यायाचे होईल. पहिला असा की, फोन उघडता येईल असा केला तर त्यात पाणी शिरेल. पाण्यापासून संरक्षण हवे तर डिंक हवाच. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, पण तो अंशच. २०१४ मध्ये बाजारात आलेल्या सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी एस ५’ या फोनची पाठ हाताने उघडत होती, बॅटरी निघत होती, आणि तरीही त्याला ‘आयपी ६७’ हे प्रमाणक मिळालेले होते. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र साधणे अशक्य नाही. फायद्याचे नाही, एवढेच. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. अशिक्षित माणसाने लिथियमची बॅटरी हाताळली तर अपघात होईल, हे खरेच आहे. परंतु त्यावरचा उपाय शिक्षण हा आहे. ज्ञान दडवून ठेवल्याने दुरुस्ती थांबत नाही. ती अंधारात, नकली भागांनी होते आणि अधिक धोक्याची बनते.

शिक्षणाचा विषय निघाला म्हणून आणखी एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. नागपूरच्या पुराच्या आधी सहाच दिवस, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, कारागिरांसाठीची ‘पीएम विश्वकर्मा’ योजना मोठ्या समारंभाने सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, कुंभार, चांभार, गवंडी, शिंपी, न्हावी, कुलपे बनवणारा, खेळणी बनवणारा वगैरे. या सर्वांना प्रशिक्षण, हत्यारांसाठी साहाय्य व स्वस्त कर्ज मिळावे, हे उचितच आहे. पण भिंगाखाली बसून दिवसाकाठी वीस यंत्रे जिवंत करणारा कारागीर त्या यादीत नाही. त्याची कला पुरेशी प्राचीन नसावी! जुन्या जातिबद्ध व्यवसायांची नोंद शासनाला ठेवता येते. जन्माने नव्हे तर शिकून मिळवलेल्या, सर्व जातिधर्मांच्या तरुणांना सामावून घेणाऱ्या या नव्या कारागिरीची नोंद मात्र त्याला घेता येत नाही. समाजवादी विचाराच्या माणसाने या विसंगतीचा अर्थ नीट समजून घ्यावा.

दुरुस्तीचा भार कोणावर, हा प्रश्न महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी फार आधी विचारला होता. पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी शासनाने त्यांना फोन दिले. ते निकृष्ट निघाले, सारखे बिघडू लागले, आणि दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून आपल्यालाच सोसावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर मोर्चे काढून ते फोन शासनाला परत केले. काम मालकाचे, हत्यार मालकाचे, नफा-नोंद मालकाची, पण हत्यार मोडले की दंड मजुराला, हे त्यांनी मान्य केले नाही. घरपोच माल पोचवणाऱ्या मुलाची स्थिती त्याहून बिकट आहे. त्याचे हत्यारही त्याचेच. भर पावसात माल पोचवताना ते भिजले, तर कंपनी त्याला कामगार म्हणून ओळखही दाखवत नाही. श्रमिक संघटनांच्या मागणीपत्रकात ‘कामावर भिजलेल्या फोनची भरपाई’ हे कलम का असू नये? भिजणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

याला आणखी एक बाजू आहे, ती निसर्गाची. २०२२ या एका वर्षात जगाने ६.२ कोटी टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण केला, आणि त्यापैकी अवघ्या २२.३ टक्क्यांची रीतसर गोळाबेरीज व प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. असा कचरा निर्माण करणाऱ्या पहिल्या तीन देशांत भारत आहे. उरलेले भंगार शेवटी कोणाच्या हाती जाते? उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्या, आम्लात बोर्ड बुडवणाऱ्या स्त्रिया-मुलांच्या. दुसऱ्या टोकाला, बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टचा बहुतांश भाग काँगोच्या खाणींतून येतो, जेथे मुलांनी माती उपसल्याची उदाहरणे जगापुढे आली आहेत. वाचवलेला प्रत्येक फोन या दोन्ही टोकांवरचे ओझे अंशतः हलके करतो. येथे ग्राहकाचा हक्क, कारागिराची रोजी आणि पर्यावरण यांची हिते एकमेकांच्या आड येत नाहीत. असे प्रसंग राजकारणात फार थोडे असतात.

मग करावे काय? मोठ्या कायद्याची मागणी करून स्वस्थ बसणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. केरळात २०१८ च्या महापुरानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांची ‘नैपुण्य कर्म सेना’ उभी राहिली, आणि त्या मुलांनी पूरग्रस्त घरांतील विजेची जोडणी व उपकरणे दुरुस्त करून दिली. नागपुरातही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, राज्याच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे, आणि इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम तिच्याकडे आहे. पुराच्या दुसऱ्याच दिवशी प्रत्येक प्रभागात शाळेच्या एका वर्गात दुरुस्तीचे शिबिर उघडावे, तेथे या विद्यार्थ्यांबरोबर बाजारातील अनुभवी कारागिरांना मानधन देऊन बसवावे, आणि फुगलेल्या बॅटऱ्या जमा करण्यासाठी वाळूची पेटी ठेवावी, ही मागणी महापालिकेकडे आजच नोंदवता येईल. तिला कोटींचा निधी लागत नाही. एक धुण्याचे यंत्र, काही लिटर अल्कोहोल, ब्रश, भिंगे आणि इच्छा एवढे पुरेसे आहे.

दुसरी मागणी पंचनाम्याविषयी. मदतीच्या निकषांत कपडे व भांडी यांच्या जोडीला ‘उपजीविकेचे व संपर्काचे साधन’ असे तिसरे शीर्षक हवे. भिजलेल्या फोनची नोंद घेण्यास तलाठ्याला एक ओळ पुरते. ज्यांचे सिमकार्डही गेले, त्यांना ओळखीची कागदपत्रे पाण्यात गेली असताना नवे कार्ड मिळवण्यासाठी दारोदार हिंडावे लागू नये, म्हणून मदतछावणीतच ती सोय व्हावी.

तिसरी मागणी कारागिरांची. त्यांची संघटना नाही; एकेकटा गाळा भाड्याने घेऊन प्रत्येक जण उभा आहे. त्यांच्या सहकारी संस्था झाल्या तर सुटे भाग घाऊक भावाने, पारखून आणता येतील, महागडी यंत्रे सामायिक ठेवता येतील, आणि कामाची हमी देता येईल. ग्राहकालाही येथे फसवणुकीचा अनुभव असतो. भाग बदलला म्हणून सांगून न बदलणारे, फोनमधील खासगी छायाचित्रे चाळणारे लोक या धंद्यात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. सहकारी संस्थेची शिस्त हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे. आणि कारागिरानेही ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे की, पुरातून वाचलेला फोन महिन्याभराने पुन्हा बंद पडू शकतो; म्हणून तो सुरू होताच आधी त्यातील नंबर, कागदपत्रे व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

चौथी आणि मुख्य मागणी कायद्याची. सुटे भाग, आराखडे व दुरुस्तीची माहिती कोणाही कारागिराला वाजवी किमतीत देणे, बॅटरी साध्या हत्यारांनी निघेल अशी ठेवणे, भागांची संगणकीय बांधणी बंद करणे, आणि पाण्याविषयीच्या जाहिरातीइतक्याच ठळक अक्षरांत हमीच्या मर्यादा छापणे हे कंपन्यांना बंधनकारक असले पाहिजे. नुसते गुण छापून भागणार नाही; गुण कमी मिळालेला फोनही गरीब घेतो, कारण तो स्वस्त असतो.

समाजवादाची चर्चा करताना उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाकडे, हा प्रश्न कार्यकर्ते नेहमी विचारतात. तो विचारताना त्यांच्या डोळ्यांपुढे गिरणी येते, खाण येते, शेत येते. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे भोंगे कधीच थांबले. त्या मिलच्या कामगाराचा नातू आज ज्या साधनावर पोट भरतो, ते त्याच्या खिशात मावते, आणि त्याचे झाकण उघडण्याचा हक्क त्याला नाही. अंबाझरीचा सांडवा पुन्हा केव्हा ओसंडेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्या सकाळी ओट्यावर भिजलेली यंत्रे मांडून बसलेल्या माणसांजवळ कार्यकर्ता जाईल, तेव्हा त्याच्याजवळ निवेदनाच्या कागदाबरोबर एक ब्रश आणि अल्कोहोलची बाटलीही असावी.